टाकीचं तोंड

"श्वास सोडा," बायको वरून म्हणाली.

"सोडलाय."

"अजून सोडा."

"अजून सोडला तर परत घ्यायला उरणार नाही."

पाणबुडे टाकीच्या तोंडात अडकला होता. पाय आत, डोकं बाहेर आणि पोट ना आत ना बाहेर, अशा अवस्थेत तो एका उंच इमारतीच्या गच्चीवर लटकत होता. बायकोने दोराचा वेढा मनगटाला घेतला, गुडघा टेकवला आणि बंद होत नसलेली बॅग दाबतात तसं त्याला दोन्ही खांद्यांवर जोर देऊन खाली दाबलं. शर्टाचं एक बटण तुटून आत पडलं आणि त्याच्यामागोमाग तोही आत गेला.

"आधी बटण शोधा," ती म्हणाली. "पाण्यात राहायला नको."

पाणबुडे हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कुठल्यातरी रखवालदाराने ते ठेवलं आणि मग ते चिकटलं ते चिकटलंच. इमारतींच्या पाण्याच्या टाक्या साफ करायच्या हा त्याचा धंदा. पोहता मात्र त्याला अजिबात येत नव्हतं, कारण तो उतरायचा तेव्हा टाकीत पाणीच नसायचं. तळाशी राहिलेला गाळ खरवडून बादलीत भरायचा, भिंतींवरचं शेवाळ ब्रशने घासायचं, सगळं धुऊन, पुसून काढायचं आणि बाहेर यायचं. बायको वर बसून दोर सांभाळायची. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरं तिच्या हातात. भरलेल्या बादल्याही तीच ओढून घ्यायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती या कामाला त्याच्याबरोबर येऊ लागली होती आणि तेव्हापासून त्यांची जागा ठरलेली होती. तो खाली, ती वर.

कामाच्या बाबतीत तो अतिशय खडूस होता, आणि हे मी कौतुकाने म्हणतो आहे. टाकीत उतरायच्या दिवशी अंगाला तेल नाही, वासाचा साबण नाही, तोंडात सुपारीचं खांडही नाही. घरून धुतलेले कपडे पिशवीत न्यायचे, गच्चीवर बदलायचे, पाय घोट्यापर्यंत घासून धुवायचे आणि मगच टाकीच्या काठाला शिवायचं. कुणी म्हणालं की अहो, एवढं कशाला, शेवटी धुणारच ना टाकी, तर तो म्हणायचा की लोक हे पाणी पितात, माझ्या हातापायांचा काढा पीत नाहीत.

त्याच्या दोन सवयी सगळ्या गल्लीबोळांत माहीत होत्या. एक म्हणजे तो आत गाणी म्हणायचा. आवाज बेताचाच, सूर त्याहून बेताचा, पण रिकाम्या टाकीत कुणाचाही आवाज भारदस्त होतो. दुसरी म्हणजे काम झाल्यावर टाकीत नवं पाणी सोडलं की पहिली ओंजळ तो स्वतः प्यायचा, काम देणाऱ्याच्या समोर. "कसं आहे?" असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर द्यायचा, "पाण्यासारखं." त्याच्या लेखी यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती.

आता पन्नाशी ओलांडल्यावर हे सगळं एका पोटावर येऊन अडलं होतं. टाकीचं तोंड जेवढं बांधलंय तेवढंच राहतं, माणूस मात्र राहत नाही. पूर्वी कमरेला दोर बांधला की गाठीपुढे चांगलं हातभर शेपूट लोंबायचं. ते आता वीतभरावर आलं होतं. त्यातून मोठ्या शहाण्या कंपन्यांची यंत्रं आली होती, नळी आत सोडून बाहेरून टाकी धुणारी. ती कोपऱ्यांतला गाळ तसाच ठेवतात हे त्याचं ठाम मत होतं, पण जो आत जाऊच शकत नाही त्याच्या मताला कोण विचारतो? रात्री अंथरुणावर पडलं की त्याला तोंडंच दिसायची, एकेका टाकीची, आणि प्रत्येक जरा जरा लहान होत चाललेलं.

अशा वेळी त्याचा मेहुणा देवासारखा धावून आला, असं त्या वेळी तरी वाटलं. बायकोचा हा धाकटा भाऊ दर थोड्या दिवसांनी काहीतरी नवीन विकत असे. गाळणी, गुडघ्याचे पट्टे, केस उगवायचं तेल असं करत करत तो आता पोट उतरवायच्या मलमापर्यंत पोचला होता. डबीवर एका माणसाचं पोट छापलेलं होतं, इस्त्री केल्यासारखं सपाट.

"दाजी, खायचं-प्यायचं काही नाही," मेहुणा म्हणाला. "रात्री चोळायचं, वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि झोपायचं. चरबी आपोआप वितळते."

"वितळून जाते कुठे?" बहिणीने विचारलं.

"ताई, तुला प्रत्येक गोष्टीचा पत्ता कशाला लागतो?"

पाणबुडे चोळू लागला. मलम थंड लागायचं, मग गरम व्हायचं, मग अंगाची आग आग. पेपरमिंटचा उग्र दर्प खोलीभर पसरायचा. रात्रभर तो प्लॅस्टिकात घामाने निथळायचा, आणि बायको तोंडावर चादर घेऊन भिंतीकडे वळून झोपायची. पण सकाळी आरशात पाहावं तर पोट खरंच आत गेल्यासारखं, कातडी ताणून बसल्यासारखी. दोराचं शेपूट दिसामाशी वाढू लागलं. एका इमारतीत तर तो श्वास न सोडता सरळ आत उतरला आणि आतूनच त्याने बायकोला हाक मारून ते सांगितलं. माणूस खूश झाला की हात सैल सोडतो. संध्याकाळचं चालणं त्याने बंद केलं, जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागला. मलम आहे ना, असं त्याला वाटे. बायको नुसतं वाढत असे.

आणि मग एका दुपारी पहिली ओंजळ तोंडात घेतल्याबरोबर तो थांबला.

जीभ गार पडली होती. पाण्याला अगदी पुसट, पण ओळखीचा वास होता. सकाळी तो रीतसर अंघोळ करूनच आला होता, पण टाकीत भट्टीसारखा उकाडा, त्यात तासन्‌तास घाम गळालेला. कातडीत मुरलेलं मलम घामाबरोबर बाहेर आलं होतं आणि तळाला लागलं होतं. इमारतीचे सेक्रेटरी समोरच उभे होते. घरोघरचे नळ सकाळपासून कोरडे, जिन्यातून बायाबापड्यांचे आवाज येत होते.

"काय पाणबुडे, कसं आहे?" सेक्रेटरींनी विचारलं.

त्याने नेहमीचा शब्द उच्चारला असता तर कुणाला काही कळलं नसतं. एवढ्या मोठ्या टाकीत तो वास विरून गेला असता. हे त्यालाही माहीत होतं आणि दोराजवळ उभ्या असलेल्या बायकोलाही.

"पाण्यासारखं नाही," तो म्हणाला. "परत धुवावी लागेल. चूक माझी आहे."

सेक्रेटरी चिडले, आणि चिडणारच. पाणबुडेने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग गच्चीच्या कोपऱ्यात उघडा बसला. बायकोने त्याच्या अंगावर बादल्यांमागून बादल्या ओतल्या आणि खरखरीत फडक्याने त्याचं पोट घासलं, तवा घासतात तसं. पोट लालबुंद झालं तरी तो हूं की चूं करीना. कोरडे कपडे घालून तो पुन्हा उतरला, या वेळी गाणं न म्हणता. दिवेलागणीला दुसऱ्यांदा पाणी सोडलं, तेव्हा कुठे ते पाण्यासारखं लागलं.

घरी आल्यावर बायकोने फक्त एवढंच विचारलं की डबी कुठे ठेवू. तो म्हणाला, फेकून दे.

मलम सुटलं आणि पोट परत आलं. नुसतं आलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण रुसून गेलेलं माणूस दोन पाहुणे सोबत घेऊन परतावं तसं ते आलं. कंबर फुगली, जिथे चोळलं होतं तिथे कातडी सुजल्यासारखी जाड झाली, लाल चट्टे उठले. त्याने चालणं पुन्हा सुरू केलं, दुसऱ्यांदा वाढून घेणं थांबवलं, तरी दोराचं शेपूट आखडत आखडत चार बोटांवर आलं. इतकं आखूड ते पूर्वी कधीच नव्हतं. आणि पुढच्याच आठवड्यात हॉस्पिटलची टाकी होती.

हॉस्पिटलची टाकी म्हणजे त्याचा मान होता. जुनं बांधकाम, लोखंडी चौकटीचं अरुंद तोंड आणि आत खांब. तिथल्या मोठ्या सिस्टर दर वर्षी त्यालाच बोलवायच्या. त्यांना यंत्राचं काम पसंत नव्हतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना इथलं पाणी लागतं, असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या आणि पाणबुडेने ते मनात कोरून ठेवलं होतं. ही टाकी गेली की धंदा गेला, असं त्याने स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. इतर टाक्यांच्या बाबतीत तो स्वतःची समजूत घालू शकला असता. हिच्या बाबतीत नाही.

मेहुणा नवी डबी घेऊन आला.

"बंद केलंत तिथेच चुकलं, दाजी. सोडल्यावर काही जणांचं फुगतं थोडं. म्हणून तर सोडायचं नसतं."

"म्हणजे जन्मभर चोळायचं?"

"चोळायला काय जातंय?"

"मग हे औषध कसलं," पाणबुडे म्हणाला, "हे तर घरभाडं झालं."

पण मेहुणा गेल्यावर डबी खिडकीत राहिली आणि तो तिच्याकडे बघत बसला. काही रात्री चोळलं असतं तर तो त्या तोंडातून गेला असता, निदान त्याला तरी तसं वाटत होतं. आदल्या दिवशी खूप घासून अंघोळ केली असती, फडक्याने पोट सोलून काढलं असतं. त्याने डबी हातात घेतली, झाकणावरचा कागदाचा पट्टा नखाने चाचपला. त्याला ती दुपार आठवली, जिभेवरचा गारवा आठवला, आणि मग ज्यांच्या जिभेला अजून कशाचीच चव कळत नाही ती बाळं आठवली. त्याने डबी होती तिथे ठेवून दिली. सकाळी बायकोने खिडकी पुसताना डबी उचलली, पट्टा शाबूत आहे हे पाहिलं आणि ती कपाटावर टाकून दिली. त्या दिवशी तिच्या मनात नवऱ्याविषयी काय दाटून आलं ते तिने त्याला कधीच सांगितलं नाही. संसारात अशा पुष्कळ गोष्टी सांगायच्या राहून जातात.

हॉस्पिटलच्या गच्चीवर दोघं सकाळीच पोचले. टाकी रात्रीच रिकामी केलेली होती, वॉर्डांत पिंपं भरून ठेवली होती आणि दुपारपर्यंत पाणी सुरू व्हायलाच हवं होतं. मोठ्या सिस्टर स्वतः वर आल्या होत्या. पाणबुडेने कपडे बदलले, पाय घासले, दोर बांधला. गाठीपुढचं शेपूट कुणाला दिसू नये म्हणून त्याने ते आत खोचलं.

पाय गेले. मांड्या गेल्या. पोट चौकटीवर टेकलं आणि थांबलं.

"श्वास सोडा," बायको हळूच म्हणाली. त्याने सोडला. तिने खांदे दाबले. त्याने दात आवळले, अंग पिळलं, एका कुशीने पाहिलं, दुसऱ्या कुशीने पाहिलं. लोखंड सुजलेल्या कातडीत रुतलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टरांनी "पुरे" म्हटलं, आणि दोघींनी मिळून त्याला काखेत हात घालून बाहेर ओढलं.

सिस्टरांनी तिथेच त्याला सावलीत बसवून खरचटलं होतं तिथे औषध लावलं. चट्टे पाहून त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने डबीची सगळी हकिगत सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की अशा मलमाने बहुतेक वेळा चरबी हलत नाही, कातडीखालचं पाणी तेवढं जातं, आणि घाम गाळून माणूस थोडा आकसतो. सोडलं की शरीर आपलं पाणी परत घेतं. कुणाचं होतं तितकंच येतं, कुणाला जास्त आल्यासारखं वाटतं, त्यातून कातडी भाजली असेल तर सूजही येते. ती उतरेल, म्हणाल्या, पण हळूहळू, आणि आज तर नाहीच.

"खाली पडलेला गाळ काढणारा मी," पाणबुडे म्हणाला, "आणि माझ्या पोटातून गेलं ते पाणी होतं आणि राहिला तो गाळ."

मग जे बोलायचं नव्हतं तेही तो बोलला. "यंत्रवाल्यांना बोलवा, सिस्टर. माझं झालं आता."

सिस्टर म्हणाल्या की ते आज येणार नाहीत, आणि टाकी तर उघडी पडली आहे. त्या पुढे काही बोलणार तोच त्यांची नजर पाणबुडेच्या मागे गेली. त्यानेही वळून पाहिलं. बायकोने पिशवीतून त्याचे जुने कामाचे कपडे काढले होते, तो सडपातळ होता तेव्हाचे. धुतलेले, घडी केलेले. ती गच्चीवरच्या पंपाच्या खोलीच्या आडोशाला गेली आणि कपडे बदलून, बाह्या दुमडत आली.

"हे कधी घेतलेस बरोबर?" त्याने विचारलं.

"घरातून निघताना."

म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं. तरीही तिने त्याला तोंडापर्यंत जाऊ दिलं होतं, शेवटचा प्रयत्न त्याचा त्याला करू दिला होता.

"तू नाही जायचं आत. अंधार असतो. तळ निसरडा असतो. उकडतं, जीव घुसमटतो."

"मग तुम्ही इतकी वर्षं कसे जात होता?"

ती पाय धुऊ लागली, घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, तो धुवायचा अगदी तसेच. त्याने स्वतःच्या कमरेचा दोर सोडला आणि तिच्या कमरेला बांधला. गाठीपुढे भरपूर शेपूट उरलं. ती चौकटीतून खाली उतरली आणि तोंड रिकामं झालं.

पाणबुडे आयुष्यात पहिल्यांदा टाकीच्या वरच्या बाजूला बसला होता. हातात दोर होता आणि खाली नुसता काळोख. ब्रशचा आवाज आला, मग थांबला. काही क्षण काहीच ऐकू येईना. त्याने हाक मारली, एकदा, दोनदा.

"आहे," आतून आवाज आला, तिचा आणि तरी तिचा नसल्यासारखा, घुमून मोठा झालेला. मग थोडं थांबून ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही आत मजेत असता म्हणून गाणी म्हणता."

त्याने दोर हातभर सैल सोडला.

"इथे मजा करण्यासारखं काही नाही. पाठ सरळ होत नाही."

"तुला वर कळावं म्हणून म्हणायचो," तो म्हणाला. "की मी बरा आहे."

खाली ब्रश पुन्हा फिरू लागला. मग ती म्हणाली, "मला गाता येत नाही. मी बोलते." आणि ती बोलू लागली. खिडकीची कडी तुटल्याला किती काळ झाला, ती बसवणार कधी. तुमच्या चपला दारात आडव्या, त्यात मीच अडखळते. भावाला सांगते की पुढच्या वेळी गाळणीच घेऊन ये, निदान चहाला उपयोगी पडते. संसाराची सगळी उणीदुणी टाकीतून घुमत घुमत गच्चीवर येत होती, आणि मोठ्या सिस्टर तोंडाला रुमाल लावून दुसरीकडे पाहत होत्या. पाणबुडे मात्र कान टवकारून एकेक शब्द ऐकत होता. आवाज जाड झाला की ती भिंतीजवळ, दबला की खांबामागे. चपलांच्या तक्रारीवर ती आली तेव्हा पहिला कोपरा झाला होता. इतकी वर्षं ती हेच करत होती तर. त्याच्या बेसूर गाण्यांवरून तिने आत न उतरता प्रत्येक टाकी पाहिली होती.

बादल्या वर येऊ लागल्या. गाळाने भरलेली बादली किती जड असते हे त्याला माहीत होतं, पण ते उचलण्यापुरतं. ओढून घ्यायची ती निराळीच जड लागते. काही बादल्यांनंतर त्याच्या तळव्यावर आडवा लाल वळ उमटला. हा वळ त्याच्या ओळखीचा होता. बायकोच्या हातावर तो कायमचा होता, घट्ट झालेला, आणि हा भांड्यांचा असावा असं धरून तो इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून जेवला होता. त्याला लाज वाटली. त्याने दोर आणखी घट्ट धरला.

ती बाहेर आली तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, गालावर हिरवा ओरखडा, गुडघे फुटलेले. तिला धाप लागली होती. पाणबुडेने वाकून, टॉर्च मारून आत पाहिलं. कोपरे पाहिले, खांबांच्या मागे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. त्याला एकही चूक सापडली नाही, आणि चूक शोधण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता.

"खांबामागे तुमचंच काम होतं," ती म्हणाली. "तिथे गाळ नव्हताच फारसा."

दुपारच्या आत पाणी सोडलं. टाकीला लावलेल्या नळातून आधी हवा फुत्कारली, मग पांढरी धार आली, मग स्वच्छ. मोठ्या सिस्टर पुढे झाल्या. पाणबुडेचे दोन्ही हात सवयीने धारेकडे गेले आणि वाटेत थांबले. ते त्याने मागे घेतले, नळाची चावी जरा कमी केली, म्हणजे पाणी तिच्या अंगावर उडणार नाही, आणि तो बाजूला सरला.

बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तिने ओंजळ भरली आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"कसं आहे?" सिस्टरांनी विचारलं.

तिने मनगटाने ओठ पुसले. "पाण्यासारखं," ती म्हणाली.

सिस्टर मान डोलवून खाली निघाल्या, वॉर्डांत नळ सोडायला सांगायला. बायको पिशवीतले कपडे घेऊन पंपाच्या खोलीकडे गेली. पाणबुडेने दोर गुंडाळला, ओलं टोक वर ठेवून, ती ठेवायची तसं. मग गुडघे टेकून त्याने लोखंडी झाकण ओढलं आणि टाकीच्या तोंडावर नीट बसवलं.